59 लाख टन, पण कशाचे?

9 फेब्रुवारी 2023 रोजी केंद्रीय खाण मंत्रालयाने जाहीर केलं की जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात, सलाल-हैमना भागात, जीएसआयला 59 लाख टन लिथियम आढळलं आहे. लगेच हा आकडा चिली आणि ऑस्ट्रेलियाच्या साठ्यांशेजारी मांडला गेला. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांचा प्रश्न सुटला, असाच सूर लागला. संशोधन प्रस्तावाची पहिली ओळ म्हणून हे वाक्य फार सोयीचं आहे. म्हणूनच ते लिहिण्याआधी नीट तपासू.

आधी घोषणेच्या बाजूने. तिच्यात 'अनुमानित' आणि 'जी-3' हे शब्द होते. खनिज शोधाच्या चार पायऱ्या असतात: जी-4 म्हणजे टेहळणी, जी-3 प्राथमिक, जी-2 सर्वसाधारण आणि जी-1 तपशीलवार. म्हणजे आपण खालून दुसऱ्या पायरीवर होतो. इथे खनिज असल्याचा अंदाज असतो. ते परवडणाऱ्या खर्चात निघेल याची हमी नसते. चिलीचे आकडे 'काढता येण्याजोगा साठा' या रकान्यातले आहेत. दोन रकान्यांची तुलना करणं हीच पहिली चूक, आणि ती वाचणाऱ्यांनी केली.

दुसरी चूक मात्र घोषणेच्या शब्दांतच होती. 59 लाख टन 'लिथियम' की लिथियम असलेलं खनिज? पुढे संसदेतल्या उत्तरांत 'लिथियमचं खनिज' असा उल्लेख आला. फरक किती पडतो, ते गुणाकार करून बघा. तिथल्या दगडात लिथियमचं प्रमाण 500 पीपीएमपेक्षा जास्त असल्याचं तेव्हा जम्मू-काश्मीरच्या खाण सचिवांनी सांगितलं होतं. 500 पीपीएम म्हणजे एका टनात अर्धा किलो. 59 लाख टनांत 2,950 टन. प्रमाण दुप्पट धरलं तरी 5,900 टन. म्हणजे मथळा किमान हजारपट फुगलेला!

आता गाड्या मोजू. एका कारच्या बॅटरीला ढोबळमानाने 6 किलो लिथियम धरा. 2,950 टनांत जेमतेम 4.9 लाख कार होतील, तेही एक कणही वाया न जाता. 2023-24 मध्ये देशात सुमारे 42 लाख प्रवासी वाहनं विकली गेली. हिशेब दीड महिन्याच्या विक्रीवर येऊन थांबतो. चाकणच्या कारखान्यांनी यावर विसंबून पुढची दहा वर्षं आखायची का, हे तुम्हीच ठरवा.

बाजाराने उत्तर दिलंच. नोव्हेंबर 2023 मध्ये हा ब्लॉक लिलावात काढला, पण पुरेसे पात्र बोलीदार न मिळाल्याने 2024 मध्ये तो लिलाव रद्द झाला. बॉक्साइट आणि चिकणमातीत अडकलेलं लिथियम व्यापारी पातळीवर काढणं अजून रुळलेलं नाही. शिवाय शुद्धीकरणाचा निम्म्याहून मोठा वाटा चीनकडे आहे. त्यामुळे खाण मिळाली म्हणजे पुरवठा मिळाला, असं होत नाही. जानेवारी 2024 मध्ये 'काबिल' या सरकारी कंपनीने अर्जेंटिनाच्या काटामार्का प्रांतात पाच ब्लॉकसाठी करार केला. ही वाट जास्त शहाणपणाची वाटते, पण तोही आधी शोधकामाचाच करार आहे, हे विसरू नका.

महाबळेश्वरचा विद्यार्थी इथे विचारेल, "रियासीचं लिथियम बॉक्साइटशी निगडित आहे ना? मग आपल्या पठारावरच्या जांभ्यात का नसावं?" प्रश्न चांगला आहे. पण जांभा हा धुपून उरलेला खडक. मूळ खडकात जे असेल, त्यातलंच काही मागे राहतं. आपला मूळ खडक दख्खनचा बेसाल्ट, आणि त्यात ग्रॅनाइटच्या मानाने लिथियम कमीच असतं. रियासीची घडण वेगळी. तिथे बॉक्साइट चुनखडकावर आहे. 'बॉक्साइट' हा शब्द सारखा असला म्हणून भूविज्ञान सारखं होत नाही. त्यात महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. नुसत्या साधर्म्यावर इथे खणण्याचा प्रस्ताव मांडणं म्हणजे त्याच मथळ्याची नक्कल.

तेव्हा प्रस्तावात कुठलाही साठा लिहिताना चार गोष्टी विचारा: हा आकडा धातूचा की दगडाचा? शोधाची पायरी कोणती? प्रमाण किती? काढायची पद्धत सिद्ध झालेली आहे का? चारही उत्तरं मिळाली नाहीत, तर ती ओळ खोडा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच ओळीवर येतो.