'चाफा' आणि वाचकाचे स्वतःचे दुःख

कविता वाचताना वाचकाने आपले सुखदुःख बाजूस ठेवावे, की ते घेऊनच कवितेच्या दारी जावे, हा वाद काही आजचा नव्हे. आमच्यापुरता तो आम्ही फार पूर्वीच निकालात काढला होता. तो निकाल अर्धाच बरोबर होता असे आता वाटू लागल्यामुळे हा लेखप्रपंच.

दिवाळीच्या सुटीत आम्ही दरसाल आमच्या गावी, अकोला जिल्ह्यातील हिवरखेडास, जातो. गेल्या सुटीत आमची एक जुनी विद्यार्थिनी, जी हल्ली तिकडेच शिक्षिका आहे, स्वतःच्या कवितांची वही घेऊन घरी आली. वहीच्या पहिल्या पानावर तिने महाविद्यालयात असताना लिहिलेला एक निबंध चिकटवला होता. विषय, कवी 'बी' यांची 'चाफा' ही कविता. लागोपाठ दोन वर्षे कपाशी हातची गेल्यावर तिच्या थोरल्या भावाने घरात बोलणेच टाकले होते. आणि न बोलणारा, न चालणारा, खंत करीत उभा असलेला तो चाफा म्हणजे आपला भाऊच, असे तिने लिहिले होते. समासात आमच्याच अक्षरात तांबड्या शाईचा एक शब्द होता : 'अप्रस्तुत'.

या एका शब्दामागे आमची सारी विद्या उभी होती. केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाटल्या, त्यांचे अभिप्राय मागविले आणि 1929 साली त्यांवर ग्रंथ लिहिला. वाचक कोठे कोठे घसरतो याची जी यादी त्यांनी दिली आहे, तीत स्वतःच्या आठवणी कवितेत घुसडणे हा एक दोष आहे. आणि इंग्रजांकडेच कशाला जावे? सुमारे हजार वर्षांपूर्वी अभिनवगुप्ताने रसास्वादाची सात विघ्ने सांगितली. त्यांत स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हेही एक आहे. पूर्व-पश्चिमेचे दोन साक्षीदार मिळाल्यावर एका खेडेगावच्या मुलीचा निबंध खोडावयास आम्हांस कितीसा वेळ लागणार!

तथापि आम्ही वर्गात 'चाफ्या'चा जो अर्थ सांगत होतो, तो तरी कितपत प्रस्तुत होता? चाफा म्हणजे परमात्मा किंवा आत्मतत्त्व, हाक मारणारी ती जीवात्मा, आणि अखेरीस द्वैताचा निरास. हा अर्थ निराधार नाही. शेवटच्या कडव्यात चाफा फुलतो, दिशा तेजात आटून जातात आणि 'मी' कोण, चाफा कोण, दोघे कोठे, असा प्रश्न उरतो. परंतु हा अर्थ सारा त्या शेवटच्या कडव्यातून काढलेला आहे. तेथे पोचण्याच्या घाईत आम्ही आधीची सारी कविता जिन्याच्या पायऱ्यांसारखी तुडवीत गेलो. त्या पायऱ्यांवर काय आहे? आंब्याचे बन आहे, मैनांची गाणी आहेत, केतकीची बाग आहे, माळ आहे. बोलणारी या साऱ्या ठिकाणी स्वतः जाऊन आली आहे, आणि तिकडची वार्ता चाफ्याच्या कानी घालते आहे. पुढे ती त्याला खेळावयास बोलावते. आणि खेळ कोणते, तर फुगडी आणि झिम्मा! अध्यात्माच्या पोथीतले हे शब्द नव्हेत, ते अंगणातले आहेत. तिची क्रियापदेही स्त्रीच्या तोंडची आहेत. रुसलेल्या, खचलेल्या जिवलगाभोवती एखादी बहीण जशी फिरेल, रानातले काहीबाही सांगत राहील, तशी ही कविता अर्ध्याहून अधिक भाग फिरत राहते. ही धडपड आमच्या विद्यार्थिनीस दिसली, कारण ती स्वतः रोज संध्याकाळी शेतातून येऊन भावाला शेताची हकीकत सांगत असे. तिचे दुःख तेथे विघ्न झाले नाही. त्याने तिला कवितेतले शब्द दाखविले.

याचा अर्थ तिचा निबंध निर्दोष होता असा नव्हे. आम्ही केवळ शेवट वाचला, तिने शेवट सोडून दिला. फुललेल्या चाफ्याविषयी निबंधात अवाक्षर नाही. स्वतःच्या घरात जे घडले नव्हते, ते तिने कवितेतही वाचले नाही. आमच्या मते वैयक्तिक प्रतिसादाचा खरा धोका येथेच आहे. आठवण कवितेत आली म्हणून काही बिघडत नाही. ती कवितेला पुढे बोलू देत नाही, तेव्हा बिघडते. हे आम्ही तिला सांगितले. ती म्हणाली, ''भाऊ बोलते आता सर, थोडं थोडं. पण त्या कडव्याले मी अजून पोचली नाही.'' यावर आम्ही काही बोललो नाही.

मग तिची वही पाहिली. तीत भावावर लिहिलेल्या सात-आठ कविता आहेत. त्यांत अश्रू फार आणि भाऊ थोडा. एक कविता मात्र निराळी आहे. बैल विकल्यावर खुंटीला टांगून राहिलेल्या घागरमाळेविषयी ती आहे. वाऱ्याने माळ वाजते, घरातले कोणी वर पाहत नाही, एवढेच. भावाचे नाव नाही, 'मी' नाही. ती वाचताना आम्हांस चष्मा पुसावा लागला.

येथे पुन्हा 'बीं'चे स्मरण होते. मलकापुरास 1872 साली जन्मलेले नारायण मुरलीधर गुप्ते वऱ्हाडात कारकुनी करीत राहिले आणि एका अक्षराच्या नावामागे लपले. 1934 साली 'फुलांची ओंजळ' आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह निघाली, तेव्हा कवी साठी ओलांडून गेले होते. 1947 साली ते निवर्तले. इतक्या अबोल माणसाने स्वतःची खंत सांगावयाची तर ती एका झाडाच्या हवाली करावी, हे त्यांच्या स्वभावास धरूनच होते. ती खंत कशाची, हे शोधण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण ती झाडाच्या हवाली केली म्हणूनच हिवरखेडच्या मुलीस त्यात आपला भाऊ ठेवता आला. घागरमाळेच्या कवितेत तिनेही तेच केले आहे, आणि तसे केल्याचे तिला ठाऊक नाही.

ती जावयास निघाली तेव्हा आम्ही निबंधावरचा तो तांबडा शब्द खोडण्यासाठी पेन काढले. तिने वही मिटली. ''राहू द्या सर,'' ती म्हणाली, ''तो बी त्याच्यातलाच आहे आता.''