पशुकल्याणविषयक शोधनिबंध : निरीक्षण, निष्कर्ष आणि उत्तरदायित्व

पशुकल्याण हा विषय विद्यापीठीय संशोधनात तसा अलीकडचाच. ब्रिटनमध्ये रूथ हॅरिसन यांचे ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ हे पुस्तक 1964 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून उठलेल्या लोकक्षोभामुळे ब्रॅम्बेल समिती नेमली गेली. आणि तिच्या 1965 च्या अहवालानंतर जनावराची सुस्थिती ही शास्त्रीय निरीक्षणाची बाब होय, ही धारणा हळूहळू रूढ झाली. आज आपल्याकडील विद्यार्थीही या विषयावर शोधनिबंध लिहीत आहेत, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. तथापि असे निबंध वाचताना एक उणीव वारंवार जाणवते. कोष्टके असतात, संख्याशास्त्रीय कसोट्या असतात. परंतु ज्याच्या सुखदुःखासाठी हा सारा खटाटोप, ते जनावर निबंधात कोठे भेटत नाही. ते कोठे बांधले होते, त्याला कोणी व किती वेळ पाहिले, मध्येच ते आजारी पडले तेव्हा काय केले, याचा पत्ता लागत नाही. ही उणीव शैलीची नसून उत्तरदायित्वाची आहे, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

वर्धा जिल्ह्यातील अभ्यासकाला या उत्तरदायित्वाचा धडा दूर जाऊन शोधावा लागत नाही. जमनालाल बजाज यांनी 1941 मध्ये वर्ध्यास गोसेवा संघाच्या कामाला वाहून घेतले. त्या नावात ‘रक्षण’ नसून ‘सेवा’ आहे. रक्षणाला शत्रू लागतो; सेवेला जनावराची रोजची स्थिती ठाऊक असावी लागते. त्याच परिसरात नालवाडीच्या चर्मालयात मेलेल्या जनावरांचे कातडे कमावले जात असे. मेलेल्या जनावराचाही हिशेब ठेवणारी ही दृष्टी होती. आमच्या शोधनिबंधांत मात्र प्रारंभी चोवीस जनावरे असतात, अखेरच्या कोष्टकात एकवीस उरतात, आणि मधल्या तिघांविषयी एक वाक्यही नसते.

याहून जुना असा एक लेख पद्धतीच्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. साबरमती आश्रमातील एका जायबंदी वासराला, त्याच्या वेदना असह्य झाल्यामुळे, विषाची सुई देऊन मरण देण्यात आले. गांधीजींनी 1928 मध्ये ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’ या पत्रांतून त्याची हकिकत स्वतः प्रसिद्ध केली. त्या निर्णयाच्या युक्तायुक्ततेविषयी येथे मतप्रदर्शन करावयाचे नाही. पाहावयाचे ते लेखाच्या मांडणीकडे. वासराची अवस्था काय होती, डॉक्टरांचा अभिप्राय काय होता, कोणाशी विचारविनिमय झाला, कोणी विरोध केला व कोणत्या कारणाने, हे सारे क्रमाने येते. विरोधकाचे म्हणणे गाळले जात नाही. पुढे वाद पेटल्यावर त्यांनी अशा मरणाचे समर्थन केव्हा होऊ शकेल याच्या अटीही सांगितल्या. रोग असाध्य असावा, संबंधित सर्वांनी आशा सोडलेली असावी, कोणतीही सेवा वा मदत शक्य नसावी, आणि रुग्णाला आपली इच्छा व्यक्त करता येणे अशक्य असावे. आजची नियतकालिके प्रयोगकर्त्याकडून हेच मागतात: प्रयोग कोणत्या लक्षणावर थांबवावयाचा, हे प्रयोगापूर्वी ठरविलेले असावे. ज्या निबंधात ही मर्यादा नमूद नसते, तो लेखक जनावराच्या वेदनेला किती वाव देणार होता, हे वाचकास कळण्याचा मार्गच उरत नाही.

परंतु करुणा म्हणजे प्रमाण नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ब्रॅम्बेल समितीने कोंबड्यांच्या पिंजऱ्यात बारीक षटकोनी तारेची जाळी तळाला वापरू नये, अशी शिफारस केली होती. माणसाच्या नजरेस ती पायांना बोचणारी वाटत होती. 1973 मध्ये ह्यूज व ब्लॅक यांनी कोंबड्यांनाच निवड करू दिली, तेव्हा त्यांनी तीच जाळी पसंत केली. समितीचा हेतू शुद्ध होता. पण कोंबडीच्या पायाला काय वाटते, हे तिने कोंबडीला विचारले नव्हते. केवळ पसंतीवरून सुस्थिती सिद्ध होते असे नाही. पसंती हा पुराव्याचा एक प्रकार आहे, एवढेच. मात्र ‘जनावरे समाधानी दिसली’ या वाक्याला शोधनिबंधात जागा नाही. रवंथ करीत होती, बसून होती, कान सैल होते, असे लिहावे, आणि त्यावरून काय अनुमान काढले ते पुढच्या विभागात, अनुमान म्हणूनच लिहावे.

याहून सूक्ष्म दोष उसन्या मापांचा आहे. युरोपात 2009 मध्ये सिद्ध झालेली ‘वेल्फेअर क्वालिटी’ ही परीक्षणपद्धती चार तत्त्वे व बारा निकष यांवर उभी असून तिचा आधार आपल्याकडे वरचेवर घेतला जातो. तिच्यात जनावराची माणसाविषयीची भीती मोजण्यासाठी निरीक्षक गव्हाणीशी उभ्या असलेल्या गाईकडे दोन मीटरवरून हात पुढे करून सावकाश चालत जातो, आणि ती कोठे मागे सरते ते अंतर नोंदवितो. आता हे माप आर्वी-कारंजा भागातील गवळाऊ कळपास लावून पाहावे. ही पांढरी-करडी, चपळ जात. बैल गाडीला व शेतीला नामांकित. कळप दिवसभर गवळ्यामागे रानात चरतो. गव्हाणीशी ओळीने उभा राहत नाही. गवळ्याच्या हाकेला ती गाय येते, परक्याला पाहून उधळते. तेव्हा तिचे मोठे ‘बिचकण्याचे अंतर’ हा वाईट वागणुकीचा पुरावा, की परक्या निरीक्षकाचा? निबंधात या प्रश्नाचा उल्लेखच नसेल, तर आकडा अचूक असूनही निष्कर्ष खोटा ठरतो. आणि तो एका गरीब गवळ्याच्या माथी निष्ठुरतेचा शिक्का मारून जातो. माप उसने घेण्यास हरकत नाही. ते येथे का लागू पडते, हे सिद्ध करण्याचा भार मात्र घेणाऱ्यावर आहे.

उलट, येथील व्यवहारात जी मापे आधीच आहेत, त्यांकडे आमचा अभ्यासक पाहत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भातील शेतकरी बैलांचे खांदे शेकतो. जू कोठे घासले, कोणत्या खांद्याला सूज आहे, हे त्याला हाताने कळते. खांदेसुजेच्या अवस्था शेतकऱ्याच्या शब्दांत नोंदवून, पशुवैद्याच्या तपासणीशी ताडून, दोन स्वतंत्र निरीक्षकांत किती एकमत होते ते मोजावे. यातून एक उपयुक्त श्रेणी निर्माण होईल. कायद्यातही असे दुर्लक्षित साहित्य आहे. ओढकाम व ओझ्याच्या जनावरांसंबंधीचे 1965 चे नियम सांगतात की दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक व सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये, आणि तापमान 37 अंश सेल्सिअसच्या वर असेल तेथे दुपारी 12 ते 3 या वेळात जनावर जुंपू नये. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. तेव्हा ‘उन्हाळ्यातील बैलांवरील ताण’ या विषयावर लिहिणाऱ्याने कामाची घड्याळी वेळ व त्या वेळचे तापमान दिलेच पाहिजे. केवळ ‘उन्हाळा’ म्हणून भागत नाही.

परवानगीचा प्रश्न यानंतर येतो, तो या क्रमाने असू नये हे खरे. पशुक्रूरता प्रतिबंधक अधिनियम 1960 चा आणि पशुप्रयोगांच्या नियंत्रणाचे नियम 1998 चे. त्यांनुसार संस्थेच्या आचारसमितीची संमती प्रयोगापूर्वी घ्यावयाची असते. निबंध पाठविताना नियतकालिक क्रमांक मागते म्हणून मागाहून धावपळ करणे, हे नियमाला धरून नाही व शास्त्रालाही नाही. शेतकऱ्याच्या गोठ्यात केवळ निरीक्षण करावयाचे असले तरी समितीला विचारावे, आणि मालकाची समजून-उमजून दिलेली संमती त्याच्याच भाषेत घ्यावी. 2010 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या व 2020 मध्ये सुधारलेल्या ‘अराइव्ह’ मार्गदर्शिकेत दहा बाबी अत्यावश्यक मानल्या आहेत. जनावरांची संख्या कशी ठरविली, कोणती वगळली व का, गटवाटणी यादृच्छिक होती काय, निरीक्षकास गट ठाऊक होता काय, हे प्रश्न त्यांत येतात. ही यादी निबंध पाठविण्याच्या आदल्या रात्री भरावयाचे पत्रक नव्हे. प्रयोगाच्या पहिल्या दिवशी जे लिहून ठेवले नाही, ते शेवटच्या रात्री आठवत नाही. आठवले असे वाटले, तर ते बहुधा रचलेले असते.

यावर असा आक्षेप येईल की नियतकालिके शब्दमर्यादा घालतात, एवढा तपशील द्यावा कोठे? आक्षेप खरा आहे, पण अपुरा. प्रस्तावनेतील पशुप्रेमाची दोन पाने कमी केली तर पद्धतीच्या विभागास पुरेशी जागा मिळते. उरलेला तपशील पुरवणीत देता येतो. तसेच निष्कर्ष न जुळलेला निबंधही पाठविण्यास संकोच करू नये. एखाद्या उपायाने बैलाचा ताण कमी झाला नाही, हे कळणेही पुढच्या संशोधकाचे श्रम व पुढच्या कळपाचा त्रास वाचविते.

इतर शास्त्रांत ज्याच्याविषयी लिहिले त्यालाही कधी कधी उत्तर देता येते. येथे ती सोय नाही. बैल शोधनिबंध वाचीत नाही, आणि त्याचा मालकही इंग्रजी नियतकालिक वाचीत नाही. तरी निष्कर्षावरून ठरणारे नियम व अनुदाने मात्र दोघांच्याही दारात येऊन उभी राहतात. म्हणून निबंध छापून आल्यावर त्याचा मराठी गोषवारा ज्या गोठ्यात निरीक्षण केले तेथे नेऊन वाचून दाखवावा, ही सूचना करून हा लेख संपवितो. तेथे जे वाक्य मोठ्याने वाचताना जीभ अडखळेल, ते निबंध पाठविण्यापूर्वीच तपासून पाहिले पाहिजे होते, असे समजावे.