तीन वाद्ये, एक राग : ‘कॉल ऑफ द व्हॅली’

पाश्चात्त्य संगीतात ‘चेंबर म्युझिक’ असा एक प्रकार आहे. मोजके वादक, लहानसे दालन, हातवारे करणारा संचालक नाही आणि प्रत्येक वाद्याला बोलण्याचा सारखाच हक्क. आपली मैफलही मुळात दालनातलीच. पण तिथे एक मुख्य कलावंत आणि बाकीचे साथीदार अशी उतरंड असते. जुगलबंदीत दोघे बरोबरीने बसतात, मात्र पुष्कळदा चढाओढीसाठी. समान हक्काची तीन वाद्ये मिळून एकच राग मांडत आहेत, असा नमुना आपल्याकडे शोधू गेल्यास एचएमव्हीच्या १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेपाशी थांबावे लागते.

संतूर शिवकुमार शर्मांचे, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, गिटार ब्रिजभूषण काबरांची आणि तबला माणिकराव पोपटकरांचा. निर्माते जी. एन. जोशी. कल्पना साधी आहे : काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाचा एक दिवस. पहाटेचा अहीरभैरव, मग नटभैरव, पुढे पिलू, सांजेचा भूप, रात्रीचा देस आणि अखेर पहाडी. रागसमयाची आपली जुनी चौकट इथे कथेचा कणा झाली आहे.

या ध्वनिमुद्रिकेची स्तुती बहुधा या कथेसाठी किंवा गोडव्यासाठी होते. जाणकारांचा आक्षेपही तिथूनच निघतो : राग फुलत नाहीत, सगळे सुगमाकडे झुकते. माझ्या मते तिचे खरे मोल वाद्यांच्या श्रमविभागणीत आहे.

संतूरच्या तारेवर कलमाचा आघात होतो आणि नाद लगेच ओसरू लागतो. शिवकुमारांनी कलमे तारांवर हलकेच घसरवून सलगतेचा भास साधला. तरीही एका स्वरातून दुसऱ्यात ओघळणारी मींड हा या वाद्याचा स्वभाव नव्हे. काबरांनी गिटार आडवी ठेवून तारांवरून सळई फिरवली, त्यामुळे मींड हेच त्यांचे बलस्थान. बासरीजवळ फुंकरीची आस आहे; दमसास असेतो स्वर तेवत राहतो. अहीरभैरवात कोमल रिषभाचे आंदोलन हे रागाचे मर्म. ते संतूरला दुष्कर, गिटारला सहज. उलट थेंबाथेंबाने उजाडणारी पहाट संतूरच दाखवू जाणे. एकाला जे जमत नाही ते दुसरा करतो आणि ऐकणाऱ्याला राग मात्र अखंड मिळतो. कुणी कुणावर कुरघोडी करत नाही. तबलाही इथे टाळ्या मागत नाही.

आटोपशीरपणाचेही श्रेय द्यायला हवे. तबकडीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटांची मर्यादा. जोशी स्वतः गायक होते, ना. घ. देशपांड्यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ त्यांच्याच आवाजात घराघरांत पोचली. तीन मिनिटांत भाव उभा करण्याची शिस्त जाणणारा माणूस निर्माता होता, हे इथल्या मोजून-मापून केलेल्या मांडणीत जाणवते. उणीव एवढीच, की भूप तोकडा वाटतो. पाचच स्वरांचा हा राग मोकळ्या जागेवर जगतो आणि ती जागा इथे मिळत नाही. पहाडी धुनेच्या अंगाचा असल्याने थोडक्यातही पुरा वाटतो.

ध्वनिमुद्रण म्हणजे मैफलीची सावली, असे आपल्याकडे मानले जाते. राजूरसारख्या कोळशाच्या आणि चुन्याच्या भट्ट्यांच्या गावात राहून अभ्यास करणाऱ्याला ते मान्य करणे परवडणारे नाही. इथे मोठी मैफल येत नाही. येते ती रेडिओ, कॅसेट आणि आता मोबाइलमधून. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही मैफलीची नक्कल नाही. तिची लांबी, तिचा क्रम, वाद्यांचा तोल, सारे ध्वनिमुद्रणासाठीच योजलेले आहे. म्हणून मुंबईतला श्रोता आणि राजूरचा श्रोता तिच्यापुढे एकाच रांगेत बसतात. आपल्या संगीतसमीक्षेने मैफलींच्या आठवणींइतकाच वेळ अशा ध्वनिमुद्रिकांच्या बारकाईने श्रवणाला दिला, तर गावोगावच्या श्रोत्यालाही त्या चर्चेत बोलता येईल. कारण पुरावा त्याच्याही हाताशी असेल.