व्यापारी जहाजांवरील तोफचींच्या मृत्युनोंदी : एक चिकित्सा

प्रस्तावना : दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी ब्रिटिश नौदलाबरोबरच भूदलाचेही तोफची नेमले जात. ते भूदलाचे सैनिक. तथापि समुद्रात नाहीसे झालेल्यांपैकी अनेकांची नावे पोर्ट्समथ, प्लिमथ व चॅटम येथील नौदल-स्मारकांवर आहेत. भारतीय खलाशांची नावे मुंबई व चितगाव येथील स्मृतिग्रंथांत आढळतात.

विवेचन : या विभागणीची मर्यादा 'तिलावा' जहाजाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेले हे जहाज २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीने बुडविले. त्यावर ७३२ प्रवासी, २२२ कर्मचारी व ४ तोफची होते. २८० जण मृत्युमुखी पडले. स्मारके नावे सेवेनुसार विभागतात; त्यामुळे एकाच जहाजावरील मृत्यू विखुरले जातात आणि सामान्य प्रवासी सैनिकी स्मारकांच्या कक्षेबाहेरच राहतात. याच जहाजातील चांदीच्या २,३६४ विटा २०१७ मध्ये बाहेर काढण्यात आल्या. त्यांच्यावरील हक्काचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विटांची मोजदाद एकत्र झाली, माणसांची स्मृती मात्र विभागलेलीच राहिली.

निष्कर्ष : अशा मृत्यूंचा शोध पलटणीपासून नव्हे, तर जहाज व तारीख यांपासून सुरू करावा, सेवा व हुद्दा त्यानंतर पडताळावा.