फक्त पाच रिझल्ट: ‘हर स्टोरी’ हा गेम संशोधकाने का खेळावा

सॅम बार्लो यांचा ‘हर स्टोरी’ हा गेम २०१५ साली आला. खेळायला समोर काय, तर पोलिसांचा जुनाट कॉम्प्युटर आणि १९९४मधल्या सात चौकशांच्या व्हिडिओंचे तुकडे. सगळ्यांत बोलणारी बाई एकच. आपण एक शब्द टाइप करायचा. तो तिने जिथे उच्चारला असेल ते तुकडे सापडतात. बस, एवढंच.

पण एक नियम आहे. तुकडे कितीही सापडोत, बघायला पहिले पाचच मिळतात, तेही तारखेच्या क्रमाने. म्हणजे नेहमीचा शब्द टाकलात की हाती लागतात त्या सुरुवातीच्याच चौकशा. पुढचं ऐकायचं असेल तर ती बोलता बोलता जे नाव, जी वस्तू सांगून जाते ते पकडायचं आणि तोच शब्द टाकायचा. थोडक्यात, चांगला कीवर्ड वाचनातून येतो, आधी सुचत नाही. सिनॉप्सिसच्या वेळी ‘साहित्य सापडत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर अनुभवावं. डिझाइन म्हणून हा नियम मला फार आवडतो: माहिती लपवलेली नाही, फक्त वाट अरुंद केली आहे.

गेम कमी पडतो तो नोंदींच्या बाबतीत. तुकड्याला टॅग लावता येतो, पण ‘मला असं का वाटलं’ हे लिहायला जागा नाही. शेवटी तर पडद्यावर नुसतं विचारतात, झालं का? हो म्हटलं की संपलं. ‘कशावरून?’ हा प्रश्न येतच नाही, आणि व्हायवात तर तोच येतो!

लुकास पोप यांच्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये (२०१८) उलट आहे. जहाजावरच्या ६० जणांपैकी कोण कोण होता आणि त्याचं काय झालं, हे वहीत भरायचं. तीन नोंदी बरोबर आल्या की गेम शिक्का मारतो. पण दोन पक्क्या असतील तर तिसरी अंदाजाने बदलत राहता येते. शिक्का मिळतो, पुरावा नसतो.

तुमच्यापैकी कुणी असा छोटा गेम बनवणार असेल, तर पाचाची मर्यादा जरूर उचला. शेवटी मात्र उत्तर विचारू नका. खेळणाऱ्याला त्याचे तीन तुकडे निवडायला लावा आणि विचारा, हेच का?