शालेय ग्रंथसंग्रहातील ‘कालबाह्य’ ग्रंथ : एका निकषाची चिकित्सा

ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेले पाचवे सूत्र ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास मुखोद्गत असते. परंतु त्याचा अर्थ बहुधा संख्यावाढ एवढाच घेतला जातो. रंगनाथनांच्या विवेचनात सजीवाची वाढ नवे द्रव्य घेण्याने होते, तशीच जुने द्रव्य टाकण्यानेही होते. आपल्या शाळांनी सूत्राचा पूर्वार्ध तेवढा उचलला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांचे ग्रंथ असलेले ग्रंथालय असावे, असे सांगते; त्यातील काय आणि केव्हा काढावे, याविषयी ती मौन पाळते. हे मौन भरून काढण्यासाठी अभ्यासक परदेशी पद्धतींकडे वळतात. त्या पद्धतींत निकष म्हणून जे येते, त्याची तपासणी मात्र क्वचितच होते.

या पद्धतींत सर्वांत प्रसृत झालेली पद्धती अमेरिकेतील टेक्सास राज्य ग्रंथालयाने १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘क्रू’ या हस्तपुस्तिकेची होय. तिच्यात ड्यूईच्या वर्गांकानुसार ग्रंथाचे वय, तो शेवटचा केव्हा वाचला गेला आणि त्यातील दोष अशी तीन अंगे एका सूत्रात गोवली आहेत. दिशाभूल करणारा, विद्रूप झालेला, नव्या आवृत्तीने मागे पडलेला, क्षुल्लक, गैरलागू आणि अन्यत्र सहज मिळणारा, असे हे सहा दोष आजच्या रूपात गणले जातात. कथा-कादंबऱ्यांना वयाची अटच नाही, ही या पद्धतीतील विवेकाची खूण होय. मात्र ही पुस्तिका लहान व मध्यम सार्वजनिक ग्रंथालयांसाठी लिहिलेली आहे, शाळांसाठी नव्हे. शिवाय तिच्या तीन अंगांपैकी वय हे एकच अंग असे आहे की, जे ग्रंथ न उघडता, मुखपृष्ठामागील एका ओळीवरून ठरते. व्यवहारात तेच बाकीच्या दोहोंवर मात करते.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या पील जिल्हा शाळा मंडळाचे उदाहरण येथे बोधक आहे. मंडळाच्या कार्यक्रमात पहिली पायरी पंधरा वा अधिक वर्षे जुन्या, म्हणजे २००८ आणि त्यापूर्वीच्या, ग्रंथांची पाहणी ही होती. समता व प्रतिनिधित्व यांची तपासणी पुढील पायऱ्यांवर होती. कागदावर ही पाहणीच होती आणि वरील सहा दोषांचाच आधार तिला होता. परंतु सप्टेंबर २०२३ मध्ये काही शाळांतील अर्धीअधिक रिकामी कपाटे वृत्तपत्रांत गाजली, आणि प्रांताच्या शिक्षणमंत्र्यांना ही प्रथा थांबविण्यास सांगावे लागले. पुढे झालेला वाद बहुतांशी समतेच्या हेतूभोवती फिरला. वस्तुतः दोष हेतूपेक्षा क्रमात अधिक होता. वर्ष आधी आणि वाचन नंतर, असा क्रम ठेवला की वाचनाची पाळी येतच नाही.

मग वर्षाच्या जागी काय ठेवावे? ग्रंथावर विश्वास ठेवून मूल पुढे काय करील, हा प्रश्न वर्षाहून अधिक उपयोगी पडतो. सर्पदंशावरील प्रथमोपचाराचे जुने पुस्तक घ्यावे. दंशाच्या जागी चीर द्यावी, रक्त शोषून काढावे, पोटॅशियम परमँगनेट चोळावे, वर घट्ट आवळपट्टी बांधावी, असे उपचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पुस्तकांत सर्रास सांगितलेले असत. आज हे सर्व त्याज्य ठरले आहे. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णास त्वरेने प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे, हाच उपचार. बुडालेल्यास पालथे निजवून पाठ दाबण्याची जुनी रीतही अशीच मागे पडली. अशी पुस्तके बहुधा कापडी बांधणीची, न फाटलेली असतात. कोणी फारशी वाचलेलीच नसतात. विद्रूपतेच्या निकषावर ती उत्तीर्ण होतात आणि शंभर मुलांनी हाताळून पाने सुटलेली कादंबरी मात्र बाद होते. खेड्यातील शाळेत, जेथे सर्पदंश ही पुस्तकी गोष्ट नाही, तेथे या उलटापालटीची किंमत कोणाला मोजावी लागेल, हे सांगणे नको.

महाराष्ट्राचे सव्वीस जिल्हे सांगणारा भूगोल किंवा प्लूटोला नववा ग्रह मानणारे खगोलाचे पुस्तक यांचा प्रश्न सौम्य आहे. १९६० चे २६ जिल्हे २०१४ साली पालघरच्या निर्मितीनंतर ३६ झाले. प्लूटोचे ग्रहपद २००६ च्या ऑगस्टमध्ये गेले. अशी पुस्तके चालू कपाटातून काढावीत, यात वाद नाही. एखादी प्रत शिक्षकाने नकाशांच्या तुलनेसाठी ठेवली तरी बिघडत नाही.

मराठीपुरता खरा पेच आहे तो लेखनपद्धतीचा, आणि परदेशी हस्तपुस्तिकांत त्याचे उत्तर असणे शक्य नाही. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. अनुच्चारित अनुस्वार गेले. तत्पूर्वीच्या ग्रंथांत ‘नाहीं’, ‘पांच’, ‘करणें’, ‘घरांत’ असे लेखन आहे. यांतील ‘घरांत’ विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पूर्वी ते एका घरासही चाले. आजचा विद्यार्थी ते अनेकवचन म्हणून वाचील. म्हणजे शिक्षकांची तक्रार अगदीच निराधार नाही. परंतु तिच्या आधारे १९६२ पूर्वीचे सारे मुद्रण बाद करावयाचे, तर हरिभाऊ आपट्यांपासून साने गुरुजींपर्यंतच्या जुन्या प्रती एका झटक्यात जातील. येथे इयत्तेचा भेद केला पाहिजे. लेखन शिकत असलेल्या तिसरी-चौथीच्या मुलापुढे जुन्या लेखनाची वाचनमाला ठेवू नये. आठवीनंतरच्या विद्यार्थ्यास मात्र जुने अनुस्वार एका तासात समजावून देता येतात, आणि भाषेचे लेखन बदलत आले आहे हे ज्ञान त्यास पाठ्यपुस्तकापेक्षा अशा प्रतीतून अधिक सहज मिळते. नव्या लेखनातील आवृत्ती उपलब्ध असेल तर ती घ्यावी. ती निघालेलीच नसेल, तर जुन्या प्रतीला ‘मागे पडलेली’ म्हणण्यास आधार उरत नाही, कारण तिला मागे टाकणारे काही छापलेच गेलेले नाही.

याहून नाजूक प्रकार आहे तो माणसांविषयीच्या विधानांचा. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु काही समाजांना जन्मतः चोर ठरविणारी जुनी वर्णने त्यानंतरही कपाटांत राहिली. त्याच समाजातील मूल आज त्याच वर्गात बसलेले असते. असे पुस्तक ‘इतिहास’ म्हणून मुलांच्या मुक्त कपाटात ठेवणे, हा तटस्थपणा नव्हे. तथापि ते नष्ट करणे हेही उत्तर नाही, कारण त्या कायद्याच्या मानसिकतेचा पुरावा असेच ग्रंथ देतात. जागा बदलणे हा येथे खरा उपाय. ग्रंथ वर्गाच्या कपाटातून निघून संशोधन-ग्रंथालयात जावा. जतनाचा भार शाळेवर नाही. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने तो काही निवडक ग्रंथालयांवर टाकला आहे. मात्र १९५० पूर्वीचे मराठी पुस्तक रद्दीत घालण्याआधी ते शं. ग. दाते यांच्या ग्रंथसूचीत पाहण्याइतकी तसदी घेण्यास हरकत नसावी. सूचीत न सापडलेले पुस्तक तर मुळीच घाईने टाकू नये.

इतके असूनही शाळांत ग्रंथ निघत नाहीत, याचे कारण ज्ञानाच्या अभावात शोधणे चूक आहे. ते हिशेबात आहे. ग्रंथ खुर्ची-टेबलांप्रमाणेच साठ्यातील वस्तू म्हणून मोजला जातो, आणि पडताळणीत कमी भरलेल्या प्रतीचा जाब ग्रंथपालास विचारला जातो. केंद्र शासनाच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत हाताळल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे वर्षाला पाच ग्रंथांची हानी वाजवी मानली आहे. हा नियम शाळांसाठी नाही, पण त्यातील दृष्टी सार्वत्रिक आहे. तो हरवलेल्या ग्रंथाविषयी बोलतो, विचारपूर्वक काढलेल्या ग्रंथाविषयी नव्हे. हरवण्याला सवलत आणि निर्णयाला धोका, अशी ही विपरीत व्यवस्था होय. वर्षाचा निकष लोकप्रिय का होतो, याचेही उत्तर येथेच मिळते: छापील आकडा लेखापरीक्षकास दाखविता येतो, विवेक दाखविता येत नाही.

तो दाखविता येईल अशी सोय दाखल नोंदवहीतच करता येण्याजोगी आहे. बाद केलेल्या ग्रंथाच्या दाखलअंकासमोर ‘निर्लेखित’ एवढाच शेरा न मारता कारण एका वाक्यात लिहावे, उदाहरणार्थ ‘सर्पदंशावरील उपचार आज घातक, पृष्ठ अमुक’. त्यावर विषयशिक्षकाची व मुख्याध्यापकाची स्वाक्षरी असावी, आणि ग्रंथ कोठे गेला तेही नोंदावे. ‘जुने’ हा शब्द कारण म्हणून स्वीकारू नये. विद्यापीठीय विभागांना शालेय संग्रहांचा अभ्यास करावयाचा झाल्यास, पृष्ठांकासह लिहिलेल्या अशा नोंदी हेच त्यांचे पहिले साधन ठरेल. आजच्या नोंदवह्यांत ते साधन नाही.