जातीचे वर्तुळ बंद केव्हा झाले?

इरावती कर्वे यांचे ‘हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन’ हे पुस्तक १९६१ साली निघाले. आनुवंशिकी शिकवणाऱ्यांनी ते अजूनही वाचावे, मात्र हातात पेन्सिल घेऊन, असे आम्हांला वाटते.

जात म्हणजे विस्तारलेले नात्यागोत्याचे वर्तुळ, हे बाईंचे मुख्य म्हणणे. एका नावाच्या जाती एकाच कुळातून फुटल्या असे त्या मानत नाहीत. महाराष्ट्रातले कुंभार पाहा : धंदा एक, नाव एक, पण गट निराळे आणि आपसांत सोयरीक नाही. १९६८ साली त्यांनी व के. सी. मल्होत्रा यांनी समान दर्जाच्या आठ गटांची तुलना प्रसिद्ध केली. दर्जा सारखा असूनही गट सारखे नव्हते. हा भाग आजही टिकतो.

खटकते ते दुसरे विधान. जातींसारखे बंद गट आर्यांच्या आधीपासून होते, असे बाई मांडतात. मोजपट्टी आणि रक्तगटांवरून फरक कळतो, त्याचे वय कळत नाही. आता ते काढता येते. दोन समाज मिसळले की पूर्वजांकडून आलेले गुणसूत्रांचे लांब तुकडे पिढीगणिक तुटत जातात. उरलेल्या लांबीवरून पिढ्या मोजायच्या. २०१३ च्या अभ्यासानुसार सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी भारतात सर्वदूर मिसळ होत होती. २०१६ च्या दुसऱ्या अभ्यासात उच्च जातींची दारे सुमारे ७० पिढ्यांपूर्वी बंद झालेली दिसतात.

बोईसरहून उत्तरेकडच्या गाडीत बसले की संजाण लागते. पारशी समाज बंद विवाहवर्तुळाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. पण संजाणच्या उत्खननातल्या अस्थींमध्ये, २०१७ च्या अभ्यासानुसार, ४८ टक्के मातृवंश इथलेच निघाले. आरंभी स्थानिक स्त्रिया समाजात आल्या असाव्यात, हा अभ्यासकांचा तर्क. म्हणजे हे वर्तुळही आधी उघडे होते.

तारापूरच्या कारखान्यांमुळे बोईसरच्या वर्गात आज वारली मुलाशेजारी बिहारहून आलेल्याचा मुलगा बसतो. अशा वर्गात सिकलसेल शिकवताना ‘हा आदिवासींचा आजार’ असे वाक्य सहज तोंडून जाते. ते टाळावे. हिवतापाच्या प्रदेशात ज्याला हा दोष एकाच पालकाकडून मिळतो त्याला थोडे संरक्षण लाभते, म्हणून तो जनुक टिकला. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजाराचा धोका चारात एक, मग पालक कोणत्याही जातीचे असोत. लहान वर्तुळात असे दोघे एकत्र येणे सोपे होते, एवढाच जातीचा वाटा.

मामेबहिणीशी लग्नाच्या आपल्याकडील चालीबद्दल मात्र बाईंचे १९५३ चे नातेसंबंधांवरचे पुस्तक पाहावे. ते अधिक भरीव आहे.